अर्जात नसलेला रकाना : घरच्या शुश्रूषेच्या एका सेवेचा अभिप्राय

दादांची सेवा थांबवल्यानंतर चौथ्या दिवशी संस्थेकडून मोबाइलवर अभिप्रायाचा अर्ज आला. परिचारिकेचा वक्तशीरपणा, गणवेश, बोलण्यातील नम्रता आणि ‘एकूण समाधान’ असे चार रकाने होते आणि प्रत्येकापुढे पाच तारे होते. संसर्ग हा शब्द त्या अर्जात कोठेच नव्हता. एकतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातील शेवटची नऊ संसर्ग नियंत्रणाच्या विभागात गेली, म्हणून असेल, पण घरी येणाऱ्या परिचारिकेविषयी मला सर्वांत आधी जाणून घ्यायचे असते ते हे, की रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावून झाल्यावर ती काय करते. तेव्हा चार महिने घेतलेल्या या सेवेविषयी मला जे सांगायचे आहे ते ताऱ्यांत न बसल्यामुळे येथे लिहीत आहे. संस्था नाशिकमधील आहे. तिचे नाव देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी व्यवस्थापकांनी नंतर दूर केल्या आणि उरलेल्या कोणत्याही संस्थेकडून सेवा घेताना विचारून घ्याव्यात अशाच आहेत.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू, वय ७४, जुने मधुमेही. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर २६ दिवस अतिदक्षता विभागात काढून ते घरी आले तेव्हा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी पाडलेल्या छिद्राची) नळी, नाकात पोटापर्यंत अन्न नेणारी राइल्स ट्यूब, मूत्राशयात कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आणि पडून राहून माकडहाडावर लालसर होऊ लागलेली जागा, असा सगळा सरंजाम बरोबर होता. निरोगी माणसाने श्वास घेतला की हवा नाकात गाळली जाते आणि ओलसर होते. गळ्याला छिद्र असलेल्या माणसाच्या बाबतीत ती थेट श्वासनलिकेत उतरते, आणि त्या छिद्रापाशी येणारे हात ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेतील सर्व काही त्यांच्याबरोबर आत जाऊ शकते. त्यासाठी आम्ही सकाळी आठ ते रात्री आठ जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेली परिचारिका आणि रात्री संस्थेच्या भाषेत ‘प्रशिक्षित सहायक’ अशी व्यवस्था घेतली. दिवसाचे दीड हजार रुपये, रात्रीचे नऊशे, आणि हातमोजे, सक्शन कॅथेटर (गळ्यातील कफ ओढून काढण्याच्या नळ्या), कापूस, गॉज, हॅण्डरब (हातांना चोळायचे जंतुनाशक) यांचा खर्च वेगळा, तोही आमचा. ही शेवटची अट करारात बारीक अक्षरात होती. तिचा परिणाम पुढे काय होतो ते सांगेनच.

लोक म्हणतात की घर रुग्णालयापेक्षा स्वच्छ असते, आणि एका अर्थाने ते खरे आहे, कारण शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण नसतो. परंतु रुग्णालयात खाटेपासून चार पावलांवर हात धुण्याचे बेसिन असते, भिंतीवर हॅण्डरब टांगलेला असतो, पिवळी-लाल-निळी-पांढरी कचरापेटी असते आणि चुकले तर टोकणारी वरिष्ठ सिस्टर असते. आमच्या घरी दादांच्या खोलीपासून बेसिन स्वयंपाकघराच्या पलीकडे, तेथे साबणाची वडी पाण्यात भिजत पडलेली आणि खुंटीला सर्वांचा मिळून एक नॅपकिन. अशा घरात बारा तास एकटी असलेली परिचारिका कशी वागते, हे तिला कोणी पाहत नसताना ठरते. शिवाय २६ दिवस अतिदक्षता विभागात राहिलेला माणूस घरी येताना आपल्या त्वचेवर आणि आतड्यात तेथील औषधांना न जुमानणारे जंतू घेऊन येण्याची शक्यता असते, त्यामुळे त्याच्याकडून घरातल्यांकडे आणि परिचारिकेकडून पुढच्या रुग्णाकडे जाणारी वाटही तितकीच खरी असते.

पहिल्या आठवड्यात आलेल्या परिचारिकेला मी दोष देणार नाही, कारण तिला जे शिकवले गेले होते तेच ती करत होती. सकाळी येताच ती हातमोजे चढवी आणि ते दुपारी जेवणापर्यंत हातात राहत. त्याच हातमोज्यांनी ती डायपर बदले, खिडकीचा पडदा सारी, फ्रिज उघडून इन्सुलिन काढी, मोबाइलवर आलेला फोन घेई आणि राइल्स ट्यूबमधून ताक देई. मी वहिनींजवळ नाराजी बोलून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘वन्सं, हातमोजे घातलेत की तिने.’’ हाच तो समज आहे, आणि तो शिकलेल्या घरांतही पक्का आहे. हातमोजे घालणाऱ्याच्या हाताला घाण लागू नये म्हणून असतात. एका कामासाठी घातलेला जोड त्या कामानंतर काढायचा आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचे, हे त्यांचे दुसरे अर्धे आहे, आणि ते पाळले नाही तर उघड्या हातांपेक्षा हातमोजेवाले हात अधिक धोक्याचे, कारण उघडा हात ओला-चिकट झाला की माणसाला आपोआप धुवावासा वाटतो. तिला हातमोजे बदलायला सांगितले तर ती संकोचाने म्हणाली की आधीच्या घरी पेटी लवकर संपते म्हणून बोलणी खावी लागली होती. खर्च रुग्णाच्या घरावर टाकला की काटकसर परिचारिकेच्या हातांवर उतरते, ती अशी.

आठ दिवसांनी तिच्या जागी दुसऱ्या सिस्टर आल्या, आणि या अभिप्रायात जी काही प्रशंसा आहे ती बव्हंशी त्यांची आहे. चांदवडकडच्या, वय तिशीच्या आतबाहेर. आल्या त्या दिवशी त्यांनी हातातील घड्याळ आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, पिशवी जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता दाराजवळच्या स्टुलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली, आणि दादांजवळ जाण्याआधी घर पाहिले. मग वहिनींकडे तीन गोष्टी मागितल्या : पंप असलेला पातळ साबण, स्वतःसाठी वेगळे टॉवेल जे रोज धुतले जातील, आणि पलंगाच्या पायथ्याशी हॅण्डरबची बाटली टांगायला एक खिळा. तिसरी मागणी ऐकून मला फार बरे वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतले पाच प्रसंग प्रत्येक परिचारिकेला पाठ असतात : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त किंवा शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. पाठ असूनही ते पाळले जात नाहीत याचे एक मोठे कारण अंतर हे असते. बेसिन वीस पावलांवर असेल तर दिवसातून तीस-चाळीस वेळा कोणीही जाणार नाही; बाटली हाताशी असेल तर २० ते ३० सेकंदांत काम होते. हात दिसण्याइतके मळले असतील तर मात्र साबण-पाणीच हवे आणि त्याला ४० ते ६० सेकंद द्यायला हवेत. त्या सिस्टर तेवढा वेळ देत. अंगठा आणि बोटांची टोके, जी घाईत नेहमी सुटतात, ती त्या आठवणीने चोळत.

पाचवा प्रसंग घरात सर्वांत अवघड असतो. रुग्णालयात रुग्णाच्या आसपासच्या वस्तू म्हणजे खाट, लॉकर आणि सलाइनचा खांब. घरी त्यात टीव्हीचा रिमोट, दादांचा चष्मा, नातवाने आणून ठेवलेली मोटार आणि उशाशी ठेवलेली जपमाळ येते. सिस्टरांनी काहीही काढून टाकायला लावले नाही. रिमोटला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बांधली, जी रोज पुसता येई, आणि बाकीच्या वस्तूंसाठी खिडकीतली एक फळी ठरवून दिली.

कॅथेटरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घरच्या शुश्रूषेत सर्वाधिक दुर्लक्ष तेथेच होते. कॅथेटर आत असेपर्यंत दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात, म्हणजे महिनाभरात बहुतेकांच्या लघवीत ते असतात. खटाटोप करायचा तो ते उशिरा यावेत आणि त्यांचा उपद्रव होऊ नये यासाठी. युरोबॅग, म्हणजे लघवी साठण्याची पिशवी, मूत्राशयाच्या पातळीच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. ती दोन-तृतीयांश भरण्याआधी रिकामी करायची, खालच्या तोटीचा भांड्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि नळीचा व बॅगेचा जोड उगाच सोडायचा नाही. आमच्या पलंगाला हूक नव्हता, म्हणून पहिल्या आठवड्यात बॅग प्लास्टिकच्या टबात ठेवली जात होती आणि दादांना कुशीवर वळवताना कोणीतरी ती उचलून सरळ त्यांच्या पोटावर ठेवत असे. पोटावर ठेवलेल्या बॅगेतील लघवी नळीतून मागे जाते, एवढे साधे हे गणित आहे. सिस्टरांनी तारेचा एक आकडा करून पलंगाच्या लोखंडी पट्टीला अडकवला आणि कूस बदलायची तर आधी बॅग त्या बाजूला न्यायची, मग रुग्णाला वळवायचे, असा क्रम घालून दिला. कूस दर दोन तासांनी बदलली जाई आणि त्याची नोंद वहीत होई. माकडहाडावरची ती लाल जागा फुटली नाही, याचे श्रेय त्या वहीला आहे.

सातव्या आठवड्यात दादांना ताप आला, लघवी गढूळ झाली आणि ते झोपाळल्यासारखे दिसू लागले. तोपर्यंत घरातील कोणी ना कोणी ‘एकदा कल्चर (लघवीतील जंतूंची तपासणी) करून घेऊ या’ असे अधूनमधून म्हणे, आणि सिस्टर दरवेळी सांगत की त्रास नसताना तपासले तर जंतू निघतीलच आणि विनाकारण प्रतिजैविके चालू होतील. त्या दिवशी मात्र त्यांनीच डॉक्टरांना फोन लावला. जुन्या नळीतून नमुना न घेता कॅथेटर बदलून नव्या नळीतून घेतला, तोही बॅगेतला साठलेला नव्हे. जुन्या नळीवर जंतूंचा थर बसलेला असतो आणि तिच्यातून घेतलेला नमुना मूत्राशयाऐवजी त्या थराचा अहवाल देतो. हे भान माझ्या पाहण्यातल्या कित्येक वॉर्डांतही नसते. उपचार झाले, दादा पाच दिवसांत सावरले. हा संसर्ग कोणाच्या चुकीने झाला असे मी म्हणणार नाही. इतके दिवस कॅथेटर असलेल्या मधुमेही माणसाला तो काळजी घेऊनही होऊ शकतो.

आता रात्रीकडे येते. रात्रीचे सहायक स्वभावाने चांगले होते, दादांना ‘बाबा’ म्हणत, रात्रभर जागे राहत. परंतु सक्शनसाठी वापरलेली नळी ते डेटॉल घातलेल्या स्टीलच्या पेल्यात बुडवून ठेवत आणि पहाटेपर्यंत तीच वापरत. त्यांना वाटे की डेटॉल आहे म्हणजे जंतू मेले. स्यूडोमोनाससारखे जंतू साठलेल्या पाण्यातच नव्हे, तर पातळ केलेल्या जंतुनाशकातही तग धरतात, आणि पेला जितका वेळ तसाच राहील तितके ते वाढतात. मग ती नळी आपण स्वतःच्या हाताने श्वासनलिकेत सोडतो. घरी रुग्णालयाइतकी निर्जंतुक पद्धत पाळता येत नाही हे मान्य, पण निदान प्रत्येक वेळी नवी नळी, एका खेपेस १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक ओढणे नको, सक्शनची बरणी रोज रिकामी करून धुवायची, आणि नेब्युलायझरचा (औषधाचे तुषार देणाऱ्या यंत्राचा) मास्क व कप धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात विसळून पूर्ण कोरडा करायचा, इतके तर जमवता येते. मी संस्थेला कळवले तेव्हा उत्तर आले की ‘आमचे सर्व कर्मचारी प्रशिक्षित आहेत’. प्रशिक्षण किती दिवसांचे, असे विचारले तर उत्तर आले नाही. ‘प्रशिक्षित सहायक’ या शब्दांमागे जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे, की चार दिवसांची तोंडओळख आहे, हे करार करण्यापूर्वीच विचारायला हवे होते. मी स्वतः या क्षेत्रातली असून विचारले नाही, हा दोष माझा.

सर्वांत गंभीर प्रसंग अकराव्या आठवड्यातला. सकाळचे इन्सुलिन रात्रीचे सहायक जाण्यापूर्वी देत असत. त्या दिवशी इन्सुलिन पेनची वापरलेली सुई बाटलीत न टाकता पलंगावर राहिली, चादरीच्या घडीत गेली, आणि चादर काढताना ती सिस्टरांच्या तर्जनीत घुसली. त्यांनी बोट न दाबता, न चोखता, लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतले आणि शांतपणे मला हाक मारली. मी संस्थेला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीचा पहिला प्रश्न होता, ‘‘मग आज ड्युटी पूर्ण करणार ना त्या?’’ सुई टोचल्यावर काय करायचे याची लेखी पद्धत त्यांच्याकडे नव्हती. एचआयव्हीचा संशय असेल तर प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नव्हता. वहिनींना दादांजवळ बसवून मी सिस्टरांना रिक्षाने रुग्णालयात घेऊन गेले. दादांच्या डिस्चार्जच्या कागदांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह असल्याची नोंद होती, म्हणून औषधांची गरज पडली नाही. परंतु तेथे विचारणा झाल्यावर कळले की हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रांपैकी त्यांच्या दोनच झाल्या होत्या. त्या त्या विषाणूने दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, पण लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तिसरी मात्रा त्याच दिवशी दिली गेली. रोज सुया हाताळायला पाठवताना संस्थेने लसीची नोंद एकदाही तपासली नव्हती. महिनाअखेरीस त्या दिवसाचा अर्धा पगार कापलेला दिसला. तो आम्ही भरून दिला, पण तो आमच्याकडून येणे योग्य नव्हते.

त्यानंतर मी व्यवस्थापकांना भेटायला गेले आणि तासभर बोलले. त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या व खरोखर केल्या : सुया टाकण्यासाठी जाड, न टोचणाऱ्या पेट्या घरोघर दिल्या आणि भरलेल्या पेट्या परत नेण्याची जबाबदारी घेतली. हे फार महत्त्वाचे आहे, कारण आमच्याकडे तोपर्यंत सुया जुन्या बाटलीत साठत होत्या आणि त्या बाटलीचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरात निर्माण होणाऱ्या वापरलेल्या सुया, सिरिंज आणि दूषित गॉज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केलेली होती आणि तो वेगळा देणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात आमच्या कॉलनीत घंटागाडीची घंटा वाजली की जो तो हातातली पिशवी गाडीत रिकामी करतो, आणि गाडीवरचा मुलगा ती उघड्या हातांनी चाळतो. सिस्टरांना टोचलेली सुई त्यालाही टोचू शकली असती.

ज्या गोष्टी मान्य झाल्या नाहीत त्यांतली एक रक्तदाबाच्या यंत्राची. संस्थेचा पट्टा आणि स्टेथोस्कोप परिचारिकेबरोबर घरोघर फिरतो आणि मधे तो पुसला जाईल याची कोणतीही व्यवस्था नाही. आम्ही आमचे यंत्र विकत घेतले. दुसरी आजारपणाच्या रजेची. सिस्टरांना एकदा सर्दी-खोकला झाला तेव्हा संस्थेने मास्क लावून कामावर जायला सांगितले, कारण बदली माणूस नव्हते आणि न गेल्यास पगार नव्हता. सिस्टरांनी मला स्वतःहून फोन केला आणि तीन दिवस मी ती ड्युटी केली. प्रत्येक परिचारिकेच्या घरी निवृत्त नणंद नसते.

एक प्रसंग केवळ त्यांच्या शहाणपणासाठी लिहिते. दादांना भेटायला येणारे बरेच जण रामकुंडावरून गोदावरीचे तीर्थ घेऊन येत आणि ते तोंडात घालू पाहत. गिळता न येणाऱ्या, गळ्यात छिद्र असलेल्या माणसाला ते देणे म्हणजे ते फुप्फुसात जाऊ देणे. मी असते तर सरळ नको म्हटले असते आणि वहिनींच्या माहेरचे दुखावले असते. सिस्टर आदराने गडू दोन्ही हातांत घेत, ‘‘काकांना तोंडाने काहीच द्यायचे नाही, मी देवापाशी ठेवते’’ असे म्हणून देवघरात ठेवत, आणि येणाऱ्याला नमस्कार करायला पुढे करत, पण त्याआधी त्याच्या तळहातावर हॅण्डरबचे थेंब पडलेले असत.

चौथ्या महिन्यात दादांची गळ्यातली नळी निघाली, कॅथेटर निघाले, ते तोंडाने पेज घेऊ लागले, आणि आम्ही सेवा थांबवली. या संस्थेची दिवसाची सेवा मी पुन्हा घेईन, पण त्याच सिस्टर मिळणार असतील तर. तसे लेखी देण्यास संस्था तयार नाही, आणि वारंवार माणसे बदलण्याची तिची पद्धत पाहता हा भरवसा मोठा नाही. रात्रीची सेवा नळ्या असलेल्या रुग्णासाठी मी घेणार नाही. केवळ सोबत, अंग पुसणे आणि कूस बदलणे एवढेच काम असेल तर नऊशे रुपयांत ती ठीक आहे. हातमोजे, सक्शनच्या नळ्या आणि हॅण्डरब यांसाठी महिन्याकाठी तीन ते चार हजार रुपये वेगळे धरावेत आणि ते पहिल्याच दिवशी आणून परिचारिकेच्या ताब्यात द्यावेत, मोजून देऊ नयेत. करारावर सही करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रांचा दाखला आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहायला मागावा. आमच्याकडे दुसऱ्यांदा मागितला तेव्हा तो दोन दिवसांत मिळाला.